मोडकी बंगई, सडलेली घडवंची, आजोबांचं डेस्क: जुन्या लाकडाचं तुम्ही काय करता?

गिरणाकाठची (१२ मार्च, रात्री ९:४०)

एरंडोल तालुक्यातलं आमचं गावचं घर मागच्या आठवड्यात पाडलं. माळवदाचं घर. दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकायला गडी मिळत नाही, काका थकले, चुलतभावानं स्लॅबचं काढलं. मला यात तोंड उघडायला जागा नाही, मी त्या घरात वर्षाकाठी दोन दिवस राहणारी. पण अंगणात सामानाचा ढीग पडला होता, भंगारवाला सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगत होता, आणि त्या ढिगात बंगई दिसली.

छोटा हत्ती ठरवून चार वस्तू जळगावला आणल्या. फ्लॅट दोन खोल्यांचा. नवरा काही बोलला नाही, नुसता बाल्कनीकडे बघत राहिला.

बंगई म्हणजे झोपाळ्याची, साडेचार फूट बाय दोन फुटांची सागाची अखंड फळी. एका टोकाला कडीच्या बोल्टपासून आत वीतभर चीर गेलीये. कडेला वाटीएवढा खोलगट खड्डा आहे, तो कशानं पडला कुणास ठाऊक. दुसरी घडवंची, तीन हंडे बसतील एवढी. वरचं अंग ठणठणीत, पण चारही पाय खालून सडलेले, बोट दाबलं की आत जातं. मग फडताळाची दोन दारं: हिरवा ऑइलपेंट, त्यावर पुन्हा हिरवा, त्यावर कुणाच्या तरी लग्नातला पांढरा. आणि आजोबांचं बैठं डेस्क, मांडी घालून लिहायचं, उतरत्या झाकणाचं. आजोबा अडतीवर कापसाचा हिशेब लिहायचे. डेस्क उचललं की सगळं एका अंगाला तिरकं होतं आणि मागच्या पायाजवळून पीठ पडतं.

इथल्या एका मिस्तरींना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: "ताई, यात काही राम नाही. प्लायमध्ये नवीन करून देतो, वरून सागासारखा सनमायका." म्हणजे साग टाकून सागाचं चित्र लावायचं.

तुमच्यापैकी कुणी असलं सामान पुन्हा वापरात आणलंय का? आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) निदान बंगई झुलली पाहिजे. थोरली आत्या येणारे, वय ८३. फोटो खाली देते.

शेवभाजी (१२ मार्च, रात्री १०:०५)

फोटो दिसत नाहीयेत. चार कोरे चौकोन दिसतात. तसे चारही चांगल्या स्थितीत आहेत.

गिरणाकाठची (१२ मार्च, रात्री १०:३०)

पुन्हा चढवले. आता बघा.

रंधापटाशी (१३ मार्च, सकाळी ६:१५)

ताई, मी पाचोऱ्याकडचा सुतार. तिसरी पिढी, आणि बहुतेक शेवटची. पोरगा मोबाइल दुरुस्ती शिकून राहिला. फोटो दिसले.

पहिलं सांगतो, पॉलिश पेपर हातात घेऊ नका. लोक चकाकीपासून सुरुवात करतात, मग चकचकीत खुर्ची बसल्याबरोबर मोडते. आधी सांधे. रंगाचं शेवटी बघू.

डेस्क हलतं म्हणजे ते मोडलेलं नाही. त्या काळात सांध्याला सरस लावत, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आकसतं, आषाढात फुगतं. पन्नास-साठ वर्षं असं चाललं की सरस तडकतो. लाकूड जागच्या जागी असतं, नुसती पकड जाते. मिस्तरी अशा वेळी चार खिळे मारून देतात. तसं करू देऊ नका, खिळ्यानं कुसू (सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक) फाटतं आणि मग खरंच दुरुस्त होत नाही.

सरसाचं चांगलं हे की तो ओलाव्यानं आणि उष्णतेनं सुटतो. टॉवेलचा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवा, पिळा, सांध्याभोवती गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. गार झाला की पुन्हा. सांध्यात आरपार बांबूची खुंटी दिसली तर ती आधी बारीक टोकाकडून ठोकून काढा. मग सांध्याला आतून फळीचा तुकडा लावून त्याच्यावर लाकडी हातोडीचे हलके ठोके. थेट लाकडावर ठोकू नका, वळ उठतो. आणि सुटं करायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडे टाका. चारही पाय सारखे दिसतात, बसतात मात्र आपापल्याच भोकात.

पुण्यातली_खान्देशी (१३ मार्च, सकाळी ९:५०)

वाचनखूण साठवली. रंधापटाशी, पुढचं पण लिहा ना. सुटं केल्यावर काय?

रंधापटाशी (१३ मार्च, रात्री ८:४०)

दिवसभर कामावर होतो.

सुटं झाल्यावर कुसूवरचा जुना सरस गरम पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं पुरा काढायचा. पिवळट चकाकी शिल्लक राहिली म्हणजे सरस राहिला. नवा गोंद मग लाकडाला न धरता त्या सरसालाच धरतो आणि वर्षभरात पुन्हा सुटतो. साफ करून सावलीत दोन दिवस वाळवा.

आता कुसू झिजलेलं असणार. फेविकॉलात भुसा कालवून भोक भरायची सवय सगळ्यांना आहे, माझ्या बापालाही होती. ती लापशी वजन घेत नाही. त्यापेक्षा रंध्यानं सागाची लांब पातळ साल काढा, कुसूच्या दोन्ही गालांना चिकटवा, वाळली की पटाशीनं जरा जरा तासा. मध्ये मध्ये बसवून बघत राहा. हाताच्या दाबानं निम्मं आत गेलं पाहिजे, उरलेलं हातोडीनं. हातानंच सगळं गेलं तर ढिलं. निम्मंही गेलं नाही आणि तुम्ही ठोकत बसलात तर भोक फाटेल.

गोंद वाळेपर्यंत सांधे आवळून धरायला शिकंजे विकत आणू नका. सायकलची जुनी ट्यूब उभी कापून दोन बोटं रुंद पट्ट्या करा आणि ताणून गुंडाळा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरीनं मोजा. दोन्ही मापं सारखी आली की चौकट काटकोनात आहे. गोंद ओला आहे तोवरच मोजायचं, उद्या मोजून उपयोग नाही.

अळशी (१४ मार्च, दुपारी ३:२०)

मी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवते, लाकूडकाम हा छंद. डेस्कमधून पडणाऱ्या पिठाबद्दल: ते पीठ चिमटीत धरून बघा. मैद्यासारखं मऊ असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो घुण आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्हींवरचे उपाय वेगळे. वाळवी जमिनीतून येते, त्यामुळे वस्तू उचलून आणली की बहुतेक वेळा मागेच राहते. घुण लाकडाच्या पोटातच असतो, तो तुमच्यासोबत फ्लॅटमध्ये आलाय.

साग पक्का असतो म्हणतात ते त्याच्या आतल्या तपकिरी लाकडाबद्दल खरं आहे. त्यात किड्यांना न मानवणारी द्रव्यं असतात. सालीलगतचं पांढरट लाकूड कच्चं, त्यात पिष्ट असतं, घुण तेच खातो. मागचा पाय नीट बघा, पीठ पांढऱ्या पट्ट्यातूनच पडत असेल.

भोकांवर गोल खडूनं खुणा करा, लाकूड झटकून घ्या आणि खाली काळा कागद अंथरून आठ दिवस थांबा. नवीन पीठ पडलं नाही तर किडे केव्हाच उडून गेलेत आणि तुम्ही जुन्या भोकांची काळजी करताय.

व्यवहारी (१४ मार्च, संध्या. ६:०१)

डेस्क काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर ठेवा. जळगावचं ऊन फुकट आहे, घुणाचा बाप मरेल.

केळीबाग (१४ मार्च, रात्री ९:१५)

रावेरहून. आमची केळी आखाती देशांत जाते, तिथे लाकडी पॅलेट कसाही चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियम असा की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं पोचलं पाहिजे. तसं केलेल्या पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असतो. गच्चीवर वरची कातडी तेवढी तापेलही, पण दोन इंच जाडीच्या पायाच्या मध्यात तेवढं पोचेल याची खात्री मी देणार नाही. शिवाय एवढ्या कोरड्या उन्हात फळ्या तडकतील ते वेगळंच.

अवांतर: पॅलेटची लाकडं घरी फर्निचरला वापरणाऱ्यांनी शिक्का बघून घ्या. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, चुलीत तर अजिबात घालू नका.

अळशी (१५ मार्च, सकाळी ७:३०)

केळीबाग, अगदी. घुण जिवंत निघाला तर बोरिक पावडर आणि बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवून कच्च्या लाकडावर दोन-तीनदा ब्रशनं पाजा, भोकांत सिरिंजनं सोडा. लाकूड उघडं असेल तरच आत मुरतं, पॉलिशवरून नाही. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, हातमोजे घाला.

बाभूळबन (१५ मार्च, सकाळी ८:४४)

ताई, मनाकडे बी अशीच घडवंची शे. पाय बठ्ठा सडी गयात. माय म्हने फेकी दे. काय करू?

रंधापटाशी (१५ मार्च, रात्री ९:१०)

भाऊ, फेकू नका. ताई, तुमच्यासाठी पण हेच.

घडवंचीचे पाय खालूनच का सडतात? हंडा सांडतो, खाली ओल राहते, आणि पायाचं खालचं टोक म्हणजे आडवं कापलेलं लाकूड, सगळ्या नळ्या उघड्या. बाजूनं जेवढं पाणी शिरतं त्याच्या कितीतरी पट तिथून वर चढतं. त्यामुळे सड चार-पाच इंचांच्या वर सहसा जात नाही.

पटाशीच्या टोकानं खालून वर टोचत जा. जिथे टोक अडतं तिथून वर आणखी दोन बोटं सोडून पाय कापा, पण सरळ नाही, तिरका. उतार पायाच्या जाडीच्या चौपट तरी लांब हवा. सरळ कापून जोडलं तर आडव्या लाकडाला आडवं लाकूड चिकटतं आणि ते धरत नाही. तिरक्या कापात लांबीचे धागे लांबीच्या धाग्यांना मिळतात. नवा तुकडा त्याच जातीचा घ्या. पाडलेल्या घराच्या कडीपाटातला मिळाला तर सोनं. इथे अ‍ॅराल्डाइट वापरा, पुन्हा ओल लागणारच आहे. खालच्या टोकालाही तेच चोळून नळ्या बंद करा आणि रबरी बूच ठोका.

बाभळीचा तुकडा घरात पडलेला असतो म्हणून लोक जोडतात. बाभूळ बैलगाडीला चांगली, पण सागाशी तिची चाल जुळत नाही. आणि अंजनाचं लाकूड असेल तर गिरमिटानं भोक पाडल्याशिवाय त्यात खिळा शिरणार नाही, उलट वाकून तुमच्या अंगठ्यावर येईल. स्वानुभव.

गिरणाकाठची (२४ मार्च, रात्री १०:२०)

डेस्क सुटं केलं! तीन रविवार लागतील वाटलं होतं, दोनात झालं. दुसऱ्या टॉवेलला पहिला सांधा 'चक्' करून सुटला आणि ओल्या सरसाचा असा वास आला की नवऱ्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या. मागच्या एका पायाला वेगळाच खिळा होता, कुणीतरी मध्येच मारलेला. रंधापटाशी म्हणतात तसंच, त्याच पायाचं कुसू फाटलंय.

काळ्या कागदावर आठ दिवसांत काही पडलं नाही. घुण जुनाच होता.

पण खरी गंमत वेगळी. कप्प्याच्या तळाची फळी सरकवली तर खाली चिकटवलेला कागद निघाला, कुठल्याशा पावतीचा अर्धा भाग. अडत, वजन, आणि गावाच्या नावापुढे 'जि. पूर्व खानदेश'. म्हणजे हे डेस्क १९६० च्या आधीचं नक्की, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव जळगाव झालं. वडील म्हणत होते आजोबांनी ते १९७० मध्ये केलं.

निवृत्त_गार्ड (२५ मार्च, सकाळी ६:५०)

आम्ही भुसावळचे. कागद जुना आणि डेस्क नवं असंही असू शकतं, जुनी पावती कुणीही चिकटवतं. पण वस्तूच्या पोटात शिरून तिचं वय काढायचा नाद मलाही आहे. माझ्याकडे वेटिंग रूममधली लांब हातांची आरामखुर्ची आहे, लिलावात घेतलेली. बसायच्या चौकटीखाली 'जी. आय. पी.' असा ठसा आहे. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे खुर्ची त्याआधीची. माझ्यापेक्षा मोठी.

वेत फाटला होता. नवा वेत विणायला एक अंध कारागीर घरी आले. वेत आधी पाण्यात भिजत घातला, कोरडा वाकवला की तुटतो. मग उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन तिरके, असे सहा फेरे. प्रत्येक भोक अष्टकोनी झालं. मी चष्मा लावून चूक शोधत होतो, त्यांनी बोट फिरवून माझ्याआधी एक ढिला धागा काढला. प्लॅस्टिकचा वेत निम्म्या खर्चात होतो, पण मे महिन्यात त्यावर उघड्या पाठीनं बसून दाखवा.

गिरणाकाठची (२५ मार्च, दुपारी १:३०)

गार्डसाहेब, पावतीचा मुद्दा मान्य. वडिलांना अजून सांगितलं नाही, बरं झालं.

दारांचं विचारायचं राहिलं. तीन थर रंग. कॉस्टिक सोड्यानं निघतो म्हणतात?

पुण्यातली_खान्देशी (२५ मार्च, दुपारी २:१०)

नको!! मी हे केलंय. शहाद्याच्या आजोळचं दार, कॉस्टिकच्या पाण्यात घातलं. रंग निघाला हे खरं, पण साग काळा-निळा पडला, धागे लोकरीसारखे उभे राहिले, आणि चौकटीचे सांधे आपोआप सुटले. सरस आता कळतोय मला. ते दार आज गॅलरीत कुंड्यांमागे उभं आहे, भिंतीकडे तोंड करून.

अळशी (२५ मार्च, रात्री ८:००)

आणखी एक. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असेलच असं नाही, पण असू शकतं, आणि तुमचे थर तर फार जुने. त्यामुळे कोरडं घासू नका. ती धूळ घरभर बसते, लहान मुलांना सगळ्यात वाईट. हीटगनही जपून, फार तापलं की धूर होतो. पाणी मारत मारत वॉटरपेपरनं घासा किंवा रिमूव्हर लावून खरवडा. घराबाहेर, मास्क लावून. खरवड वर्तमानपत्रात गोळा करून टाका, अंगणात झाडू नका.

शेवभाजी (२५ मार्च, रात्री ८:२०)

एवढं सगळं करण्यापेक्षा रंग तसाच ठेवला तर? हिरव्यावर पांढरं उडालेलं दार पुण्यात 'अँटिक' म्हणून दुप्पट किमतीला जातं. नवीन दारावर मुद्दाम पापुद्रे काढतात.

गिरणाकाठची (२६ मार्च, सकाळी ११:००)

शेवभाजी, तुमची चेष्टा मी मनावर घेतली. खरंच तसंच ठेवतेय. सुटे पापुद्रे ओले करून काढले, वर पारदर्शक लाखेचे दोन हात दिले, रंग आता आत बंद. दोन दारं मिळून भिंतीवरच्या पुस्तकांच्या कपाटाला लावणार.

व्यवहारी (२६ मार्च, दुपारी १२:४५)

माफ करा, पण कुणीतरी हिशेब विचारायला पाहिजे. आतापर्यंत किती गेले? आणि तुमच्या वेळेचे किती धरले? आमच्या घरी दहा वर्षांपूर्वीचं पार्टिकल बोर्डचं कपाट फुगलंय, त्याच्यावर पण असंच प्रेम करू का?

रंधापटाशी (२६ मार्च, रात्री ९:३०)

त्याच्यावर नका करू. भुसा आणि गोंदाचं बोर्ड एकदा फुगलं की खाली बसत नाही, स्क्रू धरत नाही. बिजागऱ्या, हँडल, आरसा काढून घ्या, बाकी जाऊ द्या. मी सुतार असून सांगतो, सगळं वाचवण्यासारखं नसतं. अखंड लाकूड आणि उघडता येणारा सांधा, दोन्ही असेल तर हात घालावा.

गिरणाकाठची (२६ मार्च, रात्री १०:१०)

हिशेब: गाडी १,८००, अ‍ॅराल्डाइट, गोंद, चपडी लाख, स्पिरिट, पेपर मिळून साधारण २,३००, एक पटाशी ३५०. वेळेचे धरले नाहीत, मी त्या वेळात मोबाइल बघितला असता.

आता बंगई. चीर लांबीनं (पुट्टीनं) भरू का? आणि तो खड्डा?

रंधापटाशी (२७ मार्च, सकाळी ६:००)

चिरेत आता लांबी भरली तर जुलैमध्ये फळी फुगेल, तिला जागा मिळणार नाही आणि चीर पुढे सरकेल. उन्हाळ्यातली चीर उन्हाळ्यात भरायची नाही.

हॅक्सॉच्या पातळ पात्यानं चिरेतली घाण काढा. फळी उलटी करा. चिरेवर आडवे, डमरूच्या आकाराचे दोन तुकडे खाचून बसवा, अर्धा इंच खोल. डमरूचे धागे चिरेला आडवे गेले पाहिजेत. ते चीर पुढे जाऊ देत नाहीत. पण माणसं बसणार आहेत, तेवढ्यावर भागवू नका. दोन्ही टोकांना खालून दीड इंची सागाची आडवी पट्टी लावा आणि बोल्ट पट्टीतून आरपार घ्या. पट्टीला मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवा, फळीला हलायला जागा पाहिजे. पट्टी गोंदानं चिकटवू नका. अखंड फळी चिकटवून जखडली की ती दुसरीकडे फाटते.

खड्डा राहू द्या. बसायला नडत नाही. तो कशाचा ते माहीत असणारं कुणीतरी घरात असेल.

अळशी (२७ मार्च, दुपारी ४:००)

टांगणार कुठे? गावच्या घरात तुळईतून कडी आरपार होती. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये हूक आधीपासून सळईला बांधलेला नसेल तर नंतर ड्रिल मारून ठोकलेल्या फास्टनरवर झोका टांगू नका. झोका ३० अंशांपर्यंत गेला की खाली येताना दोरीवरचा ताण वजनाच्या सव्वापट होतो, आणि तो पुन्हा पुन्हा, हजारो वेळा. दोघं बसली तर हिशेब करा.

गिरणाकाठची (२७ मार्च, रात्री ९:००)

हूक नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतेय. व्यवहारींनी पुढचं वाचू नये: ६,५००.

गिरणाकाठची (६ एप्रिल, संध्या. ७:१५)

सगळ्यांनी हे वाचा, विशेषतः तेल लावणाऱ्यांनी.

बंगईला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावलं. फडक्यानं चोळायचं, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसायचं. साग असा उठून आला की मी दहा मिनिटं नुसती बघत बसले. तेलकट फडकी चुरगाळून प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली, बादली बाल्कनीत. दुपार, ४२ अंश. जेवून आडवी झाले. तीनच्या सुमारास जळकट वास. मला वाटलं शेजारी दूध उतू गेलं. बाल्कनीचं दार उघडलं तर बादलीतून धूर, ज्वाळा नाही. वरचं फडकं नुसतं कोमट, पण काठीनं उचललं तर आतलं काळं आणि मधोमध लाल ठिणगी. पाणी ओतलं. बादलीचा तळ मऊ होऊन फरशीला चिकटला होता. आणि बाजूला टर्पेंटाइनची बाटली.

कुणीही काडी ओढली नव्हती.

अळशी (६ एप्रिल, संध्या. ७:४०)

देवा. माझं चुकलं, हे मी आधी सांगायला हवं होतं, माझ्या नावातच तेल आहे. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. फळीवर ती निघून जाते. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते, उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होते, आणि शेवटी कापूस पेटतो. फडकी एकेक सुटी करून बाहेर दोरीवर वाळत घाला, किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

निवृत्त_गार्ड (६ एप्रिल, रात्री ८:०५)

गाडीवर सोबत न्यायच्या आमच्या लाइन बॉक्समध्ये तेलकट चिंध्या ठेवल्या की जुने ड्रायव्हर ओरडायचे. कारण आज कळलं.

रंधापटाशी (६ एप्रिल, रात्री ९:२०)

आम्ही फडकी कधी साठवतच नाही, पोरं चुलीत टाकतात. त्यामुळे सांगायचं सुचलं नाही. ताई, तुम्ही ठीक ना?

डेस्कला तेल नको, लाखच द्या. आधी कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस फिरवा. जुनं पॉलिश चिकट झालं तर तीही लाखच, नवी तिच्यावर बसते. सकाळी सातच्या आत काम करा, नंतर उन्हात स्पिरिट उडतं आणि बोळा ओढला जातो. आणि पावसाळी हवेत लावू नका, पांढरट ढग येतो.

बाभूळबन (१० एप्रिल, सकाळी ७:१०)

घडवंचीना तीन पाय जोडी लिधात. चौथा वाकडा बसना. आते माय म्हने राहू दे, भिंतीकडे करी ठेव.

गिरणाकाठची (आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:३०)

उशीर झाला, घर पाहुण्यांनी भरलं होतं. घडवंचीवर दोन माठ ठेवलेत, फ्रिजच्या शेजारी. तिसरी जागा रिकामी आहे, तिथे मांजर बसतं. डेस्क मुलीनं घेतलं, जमिनीवर बसून लॅपटॉप त्याच्यावर ठेवते. शाईचे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं निघाले असते, मी काढले नाहीत.

थोरली आत्या आली. पुरणपोळी व्हायची होती, आमरस झाला होता. ती बंगईवर बसली, पाय टेकवून जरासा झोका घेतला, आणि उजव्या हातानं न बघता फळीची कड चाचपली. बोटं खड्ड्यात गेली तशी म्हणाली, "हा आहे का अजून!" त्या खड्ड्यात त्या बहिणी चारोळ्या फोडायच्या. सातपुड्याकडून पोतं यायचं, आजी मोजून द्यायची, आणि ह्या मोजलेल्यातल्या निम्म्या खायच्या. ठोंब्या पण होता म्हणे, काळा दगडाचा. तो बहुतेक त्या भंगारवाल्याकडे गेला.

मी तो खड्डा भरायला निघाले होते.

शेवभाजी (त्याच दिवशी, दुपारी १२:००)

फोटो दिसत नाहीयेत.

रंधापटाशी (त्याच दिवशी, रात्री ९:४५)

छान झालं ताई. कड्यांचे नट आठ दिवसांनी पुन्हा आवळा. नवीन पट्टी बसते, नट ढिले पडतात.

गिरणाकाठची (आठ दिवसांनी)

आवळले. उजवीकडचे घट्टच होते. डावीकडचा पाऊण फेरा फिरला, जिथे आत्या बसते.